खालची रेस

पिपलानी, भोपाळ
6/7/2003

प्रिय दिगूमामा,

आई म्हणते आधी नमस्कार लिही, मग रडगाणं. तर नमस्कार.

फोनच केला असता, पण फोनवर तुला काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी "रिझल्ट" म्हणाले आणि तू ओरडलास, "कसली सहल? कुठे चाललीस?" सहल नाही मामा. रिझल्टच. इंजिनिअरिंगची पीईटी सेकंड टाइम पण गेली. आता कॉलनीत सगळ्या आंट्या मला बघून एकदम गोड बोलतात, म्हणजे समजून घे.

पण मी लिहितेय ते दुसऱ्याच कामासाठी. तू दिलेली सायकल, तुझ्या जर्मन साहेबाची माउंटन बाइक, तिचा हेडसेट गेलाय. हँडल सरळ आलं की मध्येच टक् करून अडकतं, खाच पडल्यासारखं. मी सायबर कॅफेत बसून सगळं वाचलं आणि स्वतः खोललं. पुढच्या चाकाचा चिमटा पूर्ण बाहेर काढला! आतले छर्रे पार काळे झालेत. वरच्या दोन्ही कटोऱ्या ठीक आहेत, पण चिमट्याच्या बुडाशी जी रिंग बसते ना, खालची रेस, तिच्यावर छर्र्यांचे खड्डे पडलेत. बोटाला लागतात. इथल्या सगळ्या दुकानांतून रेस आणून लावून बघितली. सगळ्या ढिल्या. सरळ घरंगळतात. मार्केटमधला सायकलवाला म्हणाला, "बेटा, ये विलायती गाडी है, इसको बेच के देसी ले लो, दो मिनिट में ठीक कर दूँगा." मी त्याला म्हटलं, भैया, तुम्हीं को बेच दूँगी.

पुण्यात असा हेडसेट मिळेल का? निदान साइझ सांग. तू तर आयुष्यभर मापंच घेतलीस. मला ही सायकल पाहिजे, मामा. सकाळी उठून जायला दुसरं काहीच नाहीये माझ्याकडे.

घरी सगळे ठीक, असं आईने लिहायला सांगितलंय. बाबा ठीक नाहीत. 31 ऑक्टोबरला रिटायर होणार. फॅक्टरीच्या टूल रूममध्ये त्यांना आता काही कामच नसतं, नवीन मशीनवर नवीन पोरं. बाबा दिवसभर आपल्या जुन्या लेथजवळ बसून परत येतात. घरी आले की भिंतीकडे बघतात. चहा आणलाय सांगितलं तरी दोनदा सांगावं लागतं. तुला ऐकू येत नाही म्हणून, त्यांना ऐकायचं नसतं म्हणून.

लवकर लिही.

तुझी
कांचन

*

पुणे
१४ जुलै २००३

चि. कांचन,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला "हेडसेट" एवढा एक शब्द डोक्यात घेऊन मी दोन दिवस दुकानं पालथी घातली. प्रत्येकाने मला कानाला लावायची यंत्रं दाखवली. एकाने तर माझ्या कानात घालून "आजोबा, आता ऐकू येतंय का?" असं विचारलं. शेवटी घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा त्यात चिमटा दिसला. अगं, कटोरी म्हणायचं, रेस म्हणायचं. आमच्या कारखान्यात सगळे तेच म्हणत.

परीक्षेचं वाईट वाटलं. त्यावर जास्त लिहीत नाही. तुला उपदेश करणारे तिकडे पुष्कळ असतील.

सायकल मी तुला दिली त्याआधी पूर्ण खोलली होती, त्याची टिपणवही सापडली. चिमट्यावर खालची रेस बसते ती जागा २६.४ मिलिमीटर आहे. आपल्याकडे मिळतात त्या रेसा २७ च्या, म्हणून तुला ढिल्या होतात. पुण्यात चौकशी केली, नाही मिळत. तेव्हा एकच उपाय. नवी रेस लेथवर करून घ्यायची. २६.४ सांग, आणि भोक केसभर कमीच ठेवायला सांग, म्हणजे ठोकून घट्ट बसेल. पोलाद बेअरिंगचं हवं, नाहीतर महिन्यात पुन्हा खड्डे.

आता नीट वाच. हे काम नरहररावांना सांगू नकोस. तुझ्या बापाने चौतीस वर्षांत कारखान्यातला खिळा घरी आणलेला नाही. तुझ्या आईच्या, रजनीच्या, लग्नानंतर मी एकदा त्यांच्याकडे एक साधी बुशिंग मागितली होती, तर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता मात्र लेक मागेल आणि त्यांना नाही म्हणवणार नाही. शेवटचे तीन महिने आहेत. गोविंदपुऱ्यात खाजगी वर्कशॉपं रग्गड आहेत, तिथे जा.

नरहररावांना जपा. माणसाला काम नसलं की असंच होतं. मी स्वतः त्यातून गेलो आहे.

तुझा
दिगूमामा

*

पिपलानी
30/7/2003

प्रिय दिगूमामा,

झाली! रेस झाली!

गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली, तू म्हणालास तशीच. तुला फोटो पाठवायला पाहिजे होता. इतकी सुंदर आहे ना, की सायकलमध्ये घालावीशीच वाटत नव्हती. वरचा उतार, जिथे छर्रे फिरतात, तो आरशासारखा आहे. त्यात मला माझं नाक दिसत होतं. बाबा म्हणाले पॉलिश कागदावर तेल टाकून... म्हणजे त्या वर्कशॉपवाल्याने तेल टाकून पॉलिश केली.

आणि मामा, बसली पण एकदम ईझी! ठोकावी पण नाही लागली. हाताने दाबली आणि सरकन खाली. मी 26.8 चं माप चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, केसभर कमी हे पण सांगितलं होतं. छर्रे नवीन टाकले, ग्रीस भरलं, वरचे नट आवळले. हँडल आता लोण्यासारखं फिरतं. फक्त पुढचा ब्रेक मारला की खालून खट् असा आवाज येतो. चालवून चालवून बसेल ना ते?

बाबा पण आता बरे आहेत. परवा जेवताना त्यांनी स्वतःहून मला लेथच्या गोष्टी सांगितल्या. टूलला धार कशी लावायची, पोलादाचा रंग बघून ते किती तापलंय कसं ओळखायचं. आई भाकरी हातात धरून ऐकतच राहिली. नंतर आत जाऊन मला म्हणाली, "काय केलंस गं तू यांना?" मी म्हटलं, कुछ नहीं.

तुझी
कांचन

*

पुणे
७ ऑगस्ट २००३

चि. कांचन,
आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दिवशी लिहीत आहे. सायकल चालवू नकोस. ती खट् बसणार नाही, वाढत जाईल, आणि एखाद्या उतारावर चिमटा दगा देईल.

रेस हाताने बसता कामा नये. पाइप लावून, हातोडीने ठोकूनच बसली पाहिजे. तू 26.8 लिहिलंस. मी २६.४ लिहिलं होतं. चार. चार म्हणजे फोर. माझा ४ तुला इंग्रजी आठ वाटला असणार. मराठी आकडे येत नव्हते तर रजनीला विचारायचं होतंस! पण दोष माझाही आहे. इंग्रजी शाळेतल्या पोरीला माप लिहिताना मला कळायला हवं होतं.

आता दुसरी करून घे. जिथून करवलीस तिथेच जा. ज्याने नाक दिसेल अशी पॉलिश केली तो माणूस कारागीर आहे. त्याला म्हणावं, काम तुमचं चोख होतं, माप आमचं चुकलं. कारागिराला तेवढं सांगितलं की तो दुसरी आनंदाने करून देतो. उशीर करू नकोस. आणि त्याचं नाव काय ते मला कळव. अशा माणसाचं नाव माहीत असलेलं बरं.

नरहरराव बोलायला लागले हे वाचून मी एकटाच खोलीत मोठ्याने "वा!" म्हणालो. मला स्वतःला ऐकू आलं नाही, पण शेजारचे दार वाजवून विचारायला आले.

तुझा
दिगूमामा

*

पुणे
१२ सप्टेंबर २००३

चि. कांचन,
आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. रेस झाली का? ठोकून बसली का? एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी पुरे.

मी एकतीस ऑक्टोबरच्या निरोप समारंभाला येणार आहे. आरक्षण झालं, तीस तारखेला सकाळी हबीबगंजला उतरेन. नरहररावांना सांगू नकोस, त्यांना आवडत नाहीत असले सोहळे. पण तू आणि रजनी पुढच्या रांगेत बसा. माझ्या वेळी कारखान्यात समारंभ झाला तेव्हा कुणी काय भाषण केलं ते मला कळलंच नाही, मी आपला टाळ्या वाजल्या की मान हलवायचो. त्यांचं भाषण तू ऐक आणि मला लिहून दे. शब्द न् शब्द.

तुझा
दिगूमामा

*

पिपलानी
20/9/2003

प्रिय मामा,

सॉरी, लिहायला जमलं नाही. रेस झाली. सायकल ठीक आहे.

तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण ऑक्टोबरमध्ये नको. फंक्शन होणार नाहीये बहुतेक. बाबांनाच नकोय. ते सध्या घरीच असतात, रजा खूप शिल्लक होती म्हणून. इथे उकाडा पण आहे आणि आई थोडी थकलीय. तिकीट कॅन्सल कर, प्लीज.

कांचन

*

पुणे
२८ सप्टेंबर २००३

कांचन,

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं नरहरराव आजारी आहेत आणि तुम्ही लपवताय. मी बॅग भरायला घेतली होती. आज रजनीचं कार्ड आलं. रजनी मला चार-चार पानं लिहिते. आज एक ओळ आहे. "दादा, यांनी फॅक्टरीत चोरी केली म्हणतात."

बाकी काही नाही. खाली सही पण नाही.

काय चोरलं? मी हे तुला विचारतो आहे, रजनीला नाही. त्या वर्कशॉपवाल्याचं नाव मी तुला विचारलं होतं. तू कळवलं नाहीस.

दिगंबर

*

पिपलानी
5/10/2003

मामा,

वर्कशॉपवाल्याचं नाव नरहर बोकारे.

मी गोविंदपुऱ्यात गेलेच नव्हते. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी बाबा भिंतीकडे बघत बसले होते. मी खराब रेस त्यांच्या समोर ठेवली, नुसती. त्यांनी ती उचलली. खिडकीशी नेली. नखाने खड्डे मोजले. मग म्हणाले, "कुणी केलीय ही? बरी केलीय." मामा, तीन आठवड्यांत ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. मग मी विचारलं. तू नको म्हणालास ते मी दहा वेळा वाचलं होतं, तरी विचारलं. ते "नाही" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेताना म्हणाले, "माप काय आहे?"

चिमटा फॅक्टरीत नेता येत नव्हता आणि तिथलं मापायचं व्हर्नियर घरी आणता येत नव्हतं. मी म्हटलं, एकदा कुठून तरी मोजून घेऊ. तर म्हणाले, "माप दिगंबररावांचं आहे ना? मग मोजायचं काय त्यात?" मी 26.8 लिहून दिलं.

पहिली रेस लोणच्याच्या डबीतून आली. आंब्याच्या फोडींच्या खाली. आईला माहीत नव्हतं. बाबांनी ती नळाखाली धुतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हसू दाबत होते. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं.

मग तुझं पत्र आलं, चार म्हणजे फोर. मी बाबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "चुकीचं माप शॉपमधून माझ्या हातून बाहेर गेलं. ते तसंच ठेवता येत नाही." मामा, तू लिहिलं होतंस दुसरी करून घे, उशीर नको. तुला खरं माहीत असतं तर तू तसं लिहिलं नसतंस. ते मला माहीत होतं. म्हणूनच तुला सांगितलं नाही.

गेटवर एक बटण आहे. सुटताना प्रत्येकाने दाबायचं. हिरवा लाइट लागला की जा, लाल लागला की झडती. ते मशीन कुणालाच ओळखत नाही. 21 ऑगस्टला बाबांचा लाल लागला. लाल आधी पण लागायचा, सिक्युरिटीवाले नुसती पिशवी हलवून सोडून द्यायचे. बाबांच्या मागे लाइनीत मनोहरकाका होते, आमच्या वरच्या क्वार्टरमधले, तेच बाबांबरोबर टूल रूममध्ये आहेत. त्यांनी मला सगळं सांगितलं. गार्ड नवीन होता. पण वाईट नव्हता. डबा उघडून म्हणाला, "वाह दादा, आम का अचार! एक फाँक खिला दो." आणि बोट घातलं.

काका म्हणतात, तेव्हा पण वाचले असते. गार्ड ती रिंग बघून हसलाच. म्हणाला, "ये क्या है दादा, अँगूठी?" बाबांनी म्हणायला पाहिजे होतं की हो, चुकून डब्यात पडली, फेक देना. मागून काका म्हणत होते, "बोल दो गलती से आ गया, बोकारे, बोल दो." आणि बाबा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "गलती से नहीं आया. मैंने बनाया है."

मग साहेब लोक आले. पंचनामा झाला. पोलाद भंगाराच्या पेटीतलं होतं, तुकडा, तो कुणी उचललाही नसता. पण मशीन फॅक्टरीचं, वेळ फॅक्टरीची, टूल फॅक्टरीचं. सस्पेंड केलंय. चार्जशीटमध्ये "चोरी" हाच शब्द आहे, हिंदीत पण आणि इंग्लिशमध्ये पण. 27 ऑक्टोबरला इन्क्वायरी आहे. डिसमिस करू शकतात, रिटायर व्हायच्या चार दिवस आधी. मनोहरकाका युनियनमध्ये होते म्हणून तेच बाबांच्या बाजूने बसणार आहेत. ते म्हणतात, आजकाल असल्या केसमध्ये वरून सोडत नाहीत, उदाहरण करतात.

मी बाबांना म्हटलं, मी येऊन सांगते की माझ्यासाठी केली. बाबा म्हणाले, "तू त्यांच्याकडे नोकरीला आहेस का?" आणि पुन्हा भिंत.

कॉलनीत सगळ्यांना माहितीये. आई भाजी आणायला आता अंधार पडल्यावर जाते. तुला तिने लिहिलं हे पण मला माहीत नव्हतं. ती बाबांशी बोलते, वाढते, सगळं करते, पण त्यांच्याकडे बघत नाही. माझ्याकडे तर अजिबातच नाही.

मामा, मला काहीच सुचत नाही. तू सांग ना काय करू.

कांचन

*

पुणे
११ ऑक्टोबर २००३

कांचन,

तुझं पत्र मी तीन दिवस उशीखाली ठेवून आहे. तुला रागवायला बसलो होतो. पण नाही जमत. माप मी दिलं, आकडा मी लिहिला, आणि दुसरी करून घे, उशीर नको, हेही मीच लिहिलं. कारागिराला काय सांगायचं तेसुद्धा वर शिकवलं. पंचवीस वर्षं मी तपासनीस म्हणून दुसऱ्याच्या चुकलेल्या मालावर लाल खूण करत होतो. माझ्या पत्रांवर कुणी केली नाही.

आता माझं ऐक. नरहररावांना सांग, खोटं बोला.

मी हे लिहितोय, मी. पण दुसरी वाट मला दिसत नाही. रेस त्यांनी केली असं त्यांच्या तोंडून फक्त गेटवर आलं आहे. ते बोलणं घाबरून गेलं म्हणता येतं. रेस बनवताना कुणी पाहिलंय का? नसेल, तर त्यांनी म्हणावं की ही मी केलेली नाही. भंगाराच्या पेटीत पडलेली मिळाली, चकचकीत होती म्हणून पोरीला दाखवायला घेतली. मग उरला भंगाराचा एक तुकडा. तेवढ्यासाठी चौतीस वर्षांच्या माणसाला काढणार नाहीत. मनोहररावांना विचार, त्यांनाही पटेल.

ते ऐकणार नाहीत. तू ऐकायला लाव. रड, जेवू नकोस, पायावर डोकं ठेव, काय हवं ते कर. माणूस डिसमिस होऊन घरी बसला तर उरत नाही, कांचन. माझ्या शेजारी असा एक होता.

झालं की लगेच कळव. तिकीट मी रद्द केलेलं नाही. पण तू म्हणशील तरच येईन.

दिगूमामा

*

पिपलानी
9/11/2003

प्रिय दिगूमामा,

तुझं तिकीट वाया गेलं असेल. सॉरी. मी तुला ये म्हणायला पाहिजे होतं, पण बाबा म्हणाले, "दिगंबररावांना आत्ता नको." का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सगळं तू सांगितलंस तसंच झालं.

मी चार दिवस जेवले नाही. नाटक म्हणून सुरू केलं होतं, मग खरंच भूक लागेना. बाबा नाहीच म्हणत होते. "जे मी केलं ते मी केलं नाही कसं म्हणू?" मग पाचव्या दिवशी आई बोलली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून. म्हणाली, "तुमची रिंग मोठी का आम्ही मोठ्या?" एवढंच. बाबा उठले आणि वर मनोहरकाकांकडे गेले.

काकांना तुझी आयडिया पटली. फक्त ते म्हणाले, नुसतं "भंगारात मिळाली" चालणार नाही. साहेब पहिलाच प्रश्न विचारेल की टूल रूममध्ये असं काम करणारा तुमच्याशिवाय दुसरा आहे कोण. त्याचं उत्तर पाहिजे. म्हणून काकांनीच एक स्टेटमेंट लिहून दिलं. बाबांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मला दाखवलं नाही.

27 तारखेला मी आणि आई बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं, पण एकदाच सांगितलं आणि म्हणाले पुन्हा विचारू नकोस.

टेबलावर रेस ठेवली होती, लेबल बांधून. त्यांनी ती मोजायला पाठवली होती, त्याचा रिपोर्ट पण होता. काका म्हणाले, रिपोर्ट वाचताना साहेब थांबले. 26.4 ला जेवढी पाहिजे तेवढीच, गोलाईत कुठेच फरक नाही. साहेबांनी ती हातात घेऊन फिरवली. ते पण इंजिनिअरच आहेत. म्हणाले, "बोकारे जी, ये आपका काम नहीं है? पूरी फॅक्टरी में और कौन करेगा ऐसा?"

बाबांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. की गेल्या दीड वर्षापासून मेरे हाथ काँपते हैं. बारीक काम मुझसे नहीं होता. ये मेरे हाथ का काम नहीं है.

साहेबांनी रेस परत टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "जिसने भी बनाया है, कमाल का बनाया है."

बाबा म्हणाले, "जी. किसी अच्छे कारीगर का होगा."

हे वाक्य कागदावर नव्हतं, मामा. काका शपथ घेऊन सांगतात.

डिसमिस नाही केलं. ताकीद दिली, सर्व्हिस बुकात नोंद केली, आणि 31 तारखेला रिटायर झाले. फंक्शन झालं नाही. तू म्हणाला होतास भाषण शब्द न् शब्द लिहून दे. एक क्लार्क होता, त्याने रजिस्टरवर सही घेतली आणि म्हणाला, "हो गया दादा, जाइए." बस. सर्व्हिस बुकात ताकिदीच्या खाली बाबांचं स्टेटमेंट पण लावलंय. म्हणजे 34 वर्षांच्या शेवटच्या पानावर असं लिहिलंय की हा माणूस बारीक काम करू शकत नाही.

कॉलनीतल्या आंट्या आता पुन्हा बोलतात. एक आंटी आईला म्हणाली, "चलो, अंत भला तो सब भला." आई हसली. खरंच हसली, तिला सुटल्यासारखं वाटतंय. मी तिला दोष देत नाही. मलाही दोन दिवस वाटलं.

सायकलचा चिमटा गॅलरीत पडून आहे, पेपरमध्ये गुंडाळलेला. काका म्हणाले, केस बंद झाली, अर्ज केला तर ती रेस परत मिळेल पण कदाचित. मी अर्ज लिहायला बसले. वर नाव कुणाचं लिहू? बाबांचं लिहिता येत नाही, त्यांची नाहीच ती. मग मी कागद फाडून टाकला. तू पण आता दुसरीकडे कुठे शोधू नकोस. मला नको आहे.

आम्ही पुढच्या महिन्यात बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये जाणार. बाबा आता भिंतीकडे बघत नाहीत. पेपर वाचतात, आईबरोबर बाजारात जातात, विचारलेल्याला उत्तर देतात. कुणी बाहेरचा आला तर म्हणेल, किती छान रिटायर झालेत. पण मामा, ते कशालाच हात लावत नाहीत. मिक्सरचं भांडं अडकलं, आईने त्यांच्यापुढे ठेवलं, तर ते उचलून मनोहरकाकांकडे देऊन आले. दाढी करायला सलूनमध्ये जातात. शर्टाचं बटण लागत नसेल तर तसंच ठेवतात.

काल संध्याकाळी बाहेरच्या खोलीतला बल्ब गेला. मी नवीन आणला आणि मुद्दाम त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बाबा, लावा ना.

ते बघत राहिले बल्बकडे. मग म्हणाले, "तूच लाव बेटा. माझे हात थरथरतात."

मी त्यांचे हात बघितले, मामा. मांडीवर होते. एकदम स्थिर.

कांचन